नखाचा फोटो पाठवण्याआधी हे वाचा

पायाच्या अंगठ्याचं नख पिवळं पडलं की आपल्या ओळखीतला माणूस दोन गोष्टी करतो. आधी वर्षभर मोजे घालून ते लपवतो, आणि मग एक दिवस रात्री साडेअकराला त्याचा क्लोजअप काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवतो, खाली मेसेज, "अगं हे बघ ना जरा, तुमच्याकडे बनवून मिळतं ना काहीतरी?" जेवताना फोन उघडायचं मी सोडून दिलंय.

तर हो, बनवून मिळतं. मी टेक्सासमध्ये एका कंपाउंडिंग फार्मसीत फार्मासिस्ट आहे, मूळची कऱ्हाडची, बी.फार्म. तिकडचंच, मग इकडे येऊन एफपीजीईई, नॅप्लेक्स वगैरे परीक्षा देऊन लायसन्स. माझी आई शेजारणींना अजूनही सांगते की पोरगी अमेरिकेत कंपाउंडर आहे, आणि तिचं फार काही चुकत नाही. कंपाउंडरकाका काचेच्या बाटलीला खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवून लाल मिक्श्चर द्यायचे, मी मास्क आणि ग्लोव्ह्ज घालून हूडखाली मलमं घोटते, डॉक्टरने एका माणसासाठी लिहिलेलं औषध त्या एका माणसासाठी बनवायचं हे काम तेच. त्यात पायाची प्रिस्क्रिप्शन्स भरपूर येतात कारण इकडे पायाचे वेगळे डॉक्टर असतात, पोडियाट्रिस्ट, आणि त्यांना असली बनवून घ्यायची औषधं फार आवडतात. कधी कधी जरा जास्तच आवडतात, त्याबद्दल पुढे बोलते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते कारण ती सगळ्यात जास्त लोकांना माहीत नसते. आम्ही बनवलेलं औषध एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकी सरकारी खात्याने, मंजूर केलेलं नसतं. त्यातले घटक माहितीतले असतात, फार्मसीला लायसन्स असतं, राज्याच्या बोर्डाचे इन्स्पेक्टर येऊन वह्या तपासतात, पण "हे अमुक मलम अमुक रोगावर चालतं आणि सुरक्षित आहे" असा कुणी अभ्यास करून शिक्का मारलेला नसतो. कायद्यात आम्हाला ५०३ए कलमाखाली सूट आहे, एका पेशंटच्या नावाचं प्रिस्क्रिप्शन पाहिजे आणि बाजारात जे तयार मिळतं त्याचीच नक्कल नेहमीनेहमी करून विकायची नाही. मोठ्या प्रमाणावर बनवणाऱ्यांसाठी ५०३बी नावाचा वेगळा प्रकार २०१३ साली आणला, आणि तो का आणला हे या धंद्यातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा. २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटरमधून गेलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनात बुरशी निघाली. २० राज्यांत ७५३ लोक आजारी पडले आणि त्यातले ६४ गेले, बहुतेकांना पाठीच्या कण्यात इंजेक्शन दिलेलं, काहींना सांध्यात. आमच्या ट्रेनिंगमध्ये तो प्रकार इतक्या वेळा दाखवतात की पाठ झालाय. पायाची मलमं त्या मानाने साधी, ती कातडीवर लावायची असतात, निर्जंतुक इंजेक्शनासारखी भानगड नाही, पण म्हणून काहीही चालतं असं नाही.

लोकांना वाटतं मलम बनवणं म्हणजे पावडर घ्या, व्हॅसलिनमध्ये टाका आणि ढवळा. सॅलिसिलिक ॲसिडचं मलम घ्या, पायाच्या कुरपासाठी नाहीतर जाड झालेल्या टाचेसाठी. ती पावडर इतकी हलकी की डबा उघडला तरी उडते आणि नाकात गेली की शिंकून शिंकून डोळ्यांतून पाणी. ती तशीच व्हॅसलिनमध्ये टाकली तर गुठळ्या होतात आणि मग एका ठिकाणी कातडी जळते आणि दुसऱ्या ठिकाणी काहीच होत नाही. म्हणून आधी ती थोड्याशा तेलात ओली करून घोटायची, पिठल्याचं बेसन आधी थोड्या पाण्यात कालवून घेतो तसं, आणि मग व्हॅसलिन थोडंथोडं, दर वेळी जेवढं आहे तेवढंच आणखी. आणि पलिता प्लास्टिकचा घ्यायचा, लोखंडाचा नाही, कारण लोखंड लागलं की सॅलिसिलिक ॲसिड जांभळट गुलाबी होतं. कॉलेजच्या लॅबमध्ये आमच्या बॅचच्या एकाने असलं गुलाबी मलम सबमिट केलं होतं आणि सरांनी विचारलं, यात गुलकंद घातलास का रे.

युरियाचं मलम आणखी मजेशीर. हो, युरिया, शेतात टाकतात तोच पदार्थ, फक्त औषधाच्या दर्जाचा शुद्ध. पाण्यात टाकला की भांडं चक्क गार पडतं, हाताला कळतं. मग घाईच्या माणसाला वाटतं गरम करून विरघळवावा, आणि जास्त तापवला की तो फुटायला लागतो आणि अमोनियाचा वास सुटतो, की गेला तो घाणा. १० टक्क्याला तो कातडी मऊ करतो, २०-२५ टक्क्याला टाचेच्या भेगांना चांगला, आणि ४० टक्क्याला तो नख मऊ करतो. चाळीस टक्के म्हणजे जवळजवळ निम्मा डबा खडेच, ते इतके बारीक करायला लागतात की बोटाला रवाळ लागता कामा नये, त्यासाठी आमच्याकडे तीन रोलरचं मशीन आहे. त्यातून मलम दोनदा काढलं की अगदी लोण्यासारखं पडतं आणि ते बघायला मला अजूनही आवडतं, कामाच्या दिवसातला तेवढाच शांत वेळ.

हा ४० टक्के युरिया माझ्या मते कंपाउंडिंगचं सगळ्यात इमानदार उदाहरण आहे. युरिया, लॅनोलिन, मेण आणि व्हॅसलिन, संपलं. १९७८ च्या सुमारास त्वचारोगतज्ज्ञांनी हे छापलं होतं की जाड, वेडंवाकडं, बुरशी लागलेलं नख ऑपरेशन न करता काढायचं असेल तर आजूबाजूच्या कातडीला चिकटपट्टी लावून झाकायचं, नखावर हे मलम थापायचं, वरून पट्टी बांधायची आणि आठवडाभर ओलं करायचं नाही. मग नखाचा खराब भाग इतका मऊ होतो की डॉक्टर तो खरवडून, कापून काढतात. चांगल्या नखाला विशेष काही होत नाही. इंजेक्शन नाही, रक्त नाही, दुखत नाही. डायबेटिसवाल्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसांना याचा खरंच उपयोग होतो, अर्थात डॉक्टरच्या हाताखाली. आता तयारही मिळतं पण कुणाला लॅनोलिनची ॲलर्जी असते, आणि पायावर जुनी जखम असलेल्या लोकांत ती बऱ्यापैकी दिसते, मग त्यांच्यासाठी लॅनोलिन काढून बनवायचं. कुणाला प्रॉपिलीन ग्लायकॉल चालत नाही, आणि ते तर तयार क्रीममध्ये सर्रास असतं. बाजारातलं क्रीम लावलं की पाय आणखी लाल, आणि सगळे म्हणतात फंगस वाढलं, आणि असते ती क्रीमचीच ॲलर्जी. अशा माणसाला त्याच्यापुरतं बनवून दिलेलं औषध लागलं की दोन आठवड्यांत फरक दिसतो आणि तेव्हा वाटतं की चला, आपल्या कामाला अर्थ आहे.

तळपायाच्या चामखिळीचंही तसंच. तिथे चामखीळ वर येत नाही, अंगाच्या वजनाने आत दाबली जाते आणि चालताना बुटात खडा अडकल्यासारखं टोचत राहतं. काही पोडियाट्रिस्ट कॅन्थॅरिडिन वापरतात, सॅलिसिलिक आणि पोडोफायलिनबरोबर मिसळून. कॅन्थॅरिडिन हे एका किड्यापासून येतं. गावाकडे बाजरीच्या फुलोऱ्यावर हिंगे पडतात ना, काळे आणि त्यावर केशरी पट्टे, हाताने चिरडले की फोड येतो, तो फोड आणणारा पदार्थ तोच. डॉक्टर काडीने टिपका लावतात, लावताना काही कळत नाही, दुसऱ्या दिवशी फोड येतो आणि चामखीळ फोडाबरोबर उचलली जाते. हे दवाखान्यातच लावायचं असतं, पोटात गेलं तर सरळ विष आहे, त्यामुळे "मला घरी बाटली द्या ना" म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो आणि ते रागावतात. अमेरिकेत २०२३ मध्ये ०.७ टक्क्याचं तयार कॅन्थॅरिडिन मंजूर झालं, तेही मोलस्कम नावाच्या लहान मुलांच्या पुरळासाठी, तळपायाच्या चामखिळीसाठी नाही. त्याच्या आधी कित्येक दशकं डॉक्टर ते वापरतच होते, मंजुरीशिवाय.

आता नखाकडे येते, कारण फोटो त्याचेच येतात.

पहिली गोष्ट, पिवळं जाड नख म्हणजे फंगसच असं नाही. खराब दिसणाऱ्या नखांपैकी साधारण निम्म्यांतच बुरशी निघते. बाकीच्यांत सोरायसिस असतो, जुना मार असतो, घट्ट बुटात मॅरेथॉनची प्रॅक्टिस असते (हल्ली आपल्या मंडळींत हे फार वाढलंय). नखाचा तुकडा काढून केओएच टेस्ट (त्यात बुरशी आहे का हे बघायची तपासणी) करायला काही मोठा खर्च येत नाही, आणि तरी लोक वर्ष वर्ष औषध लावतात, टेस्ट करत नाहीत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

दुसरी गोष्ट, नख ही भिंत आहे. क्रीम वरून लावलं तर खाली पोचतच नाही. म्हणून कंपाउंडिंगमध्ये टर्बिनाफिन किंवा फ्लुकोनाझोल ही बुरशीची औषधं डीएमएसओ नावाच्या द्रावात विरघळवून देतात, कारण तो भरकन आत शिरतो आणि बरोबर औषध घेऊन जातो अशी कल्पना. शिरतो तो खराच, काही लोकांच्या तोंडाला अर्ध्या तासात लसणाचा वास येतो, पायाला लावून. एका गोऱ्या आजींनी फोन करून तक्रार केली होती की नवरा जवळ बसत नाही. आपल्याकडे लसणाच्या चटणीच्या घरात कुणाच्या लक्षातही येणार नाही ते. पण औषध नखात शिरलं म्हणजे बुरशी मेली असं नाही, आणि या मिश्रणांवर मोठे, नीट केलेले अभ्यास जवळजवळ नाहीतच.

ज्यांवर अभ्यास आहेत त्यांचे आकडे बघा म्हणजे अपेक्षा जमिनीवर येतील. सायक्लोपिरॉक्सचं ८ टक्क्याचं नेलपेंट वर्षभर रोज लावून पूर्ण बरे झाले ५.५ ते ८.५ टक्के लोक. इफिनाकोनाझोल, २०१४ मध्ये आलेलं महागडं औषध, एका छोट्या बाटलीला शेकडो डॉलर, त्याने १५ ते १८ टक्के. पोटातून टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम रोज एक गोळी १२ आठवडे, त्यात नख दिसायलाही स्वच्छ आणि टेस्टही निगेटिव्ह असे ३८ टक्के, नुसती टेस्ट निगेटिव्ह धरली तर ७०. म्हणजे साधी, जुनी, स्वस्त गोळी सगळ्यात पुढे. लिव्हरची रक्ततपासणी आधी करायची आणि डॉक्टरना बाकीच्या गोळ्या सांगायच्या, एवढी काळजी. लोक लिव्हरचं नाव ऐकून घाबरतात आणि मग दोन वर्षं बाटल्या घासतात. ज्यांचं लिव्हर खरंच बरं नाही, किंवा ज्यांना ती गोळी चालत नाही, त्यांना लावायचं औषध हाच पर्याय, त्यांच्यासाठी बनवून घेण्यात हशील आहे, तेही आधी युरियाने नख पातळ करून मग. नख जाडच ठेवून वरून थेंब टाकत बसलात तर पैसे गटारात.

तिसरी गोष्ट म्हणजे वेळ. पायाचं नख महिन्याला दीड मिलिमीटरच्या आसपास वाढतं, म्हातारपणी त्याहून कमी. अंगठ्याचं पूर्ण नख बदलायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. औषधाने बुरशी मेली तरी खराब झालेलं नख परत चांगलं होत नाही, मागून नवं स्वच्छ यायला लागतं आणि जुनं पुढे पुढे ढकलून कापून टाकावं लागतं. म्हणतात ना, दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं, नखाचं दुखणं येतंही मुंगीच्याच पावलाने. त्यामुळे दोन महिन्यांत "काही फरक नाही गं" असा मेसेज करू नका, नखाच्या मुळाशी बघा, तिथे स्वच्छ पट्टी दिसतेय का.

भारतातून येणाऱ्यांसाठी एक, अमोरोल्फिनचं ५ टक्क्याचं नेलपेंट तिकडे मिळतं, आठवड्यातून एकदा-दोनदा लावायचं, अमेरिकेत ते मंजूरच नाहीये. आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळात अर्ध्या लोकांच्या सासूबाई येताना चितळ्यांच्या बाकरवडीबरोबर ते घेऊन येतात. वापरायला चांगलं आहे, सुरुवातीच्या फंगसला, पण तेही जाड नखावर आधी कानस फिरवल्याशिवाय काम करत नाही.

आता जे लिहायला हा सगळा प्रपंच केला ते. वेदनेची क्रीमं.

डायबेटिसमुळे तळपायांना मुंग्या येतात, आग होते, रात्री चादरीचा स्पर्श सहन होत नाही. गोळ्यांनी झापड येते. मग कुणीतरी सांगतं की एक स्पेशल क्रीम आहे, त्यात केटामिन, गाबापेंटिन, क्लोनिडिन, लिडोकेन, बॅक्लोफेन, सायक्लोबेन्झाप्रिन, डायक्लोफेनॅक, सगळं एकत्र. ऐकायला किती छान, सगळी औषधं एका ट्यूबमध्ये आणि तीही दुखतंय तिथेच. माझ्यासारखीला हे बनवायला लागतं म्हणून सांगते, एका क्रीममध्ये सहा पावडरी कोंबल्या की ते क्रीम फुटतं, रवाळ होतं, आठवड्यात पाणी सुटतं, आणि यातलं नेमकं किती कातडीतून आत जातं हे नक्की कुणी सांगू शकत नाही. आणि चालतं का? वॉशिंग्टनजवळच्या वॉल्टर रीड या लष्करी हॉस्पिटलात ३९९ पेशंट घेऊन याचा नीट अभ्यास झाला, २०१९ मध्ये ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिनमध्ये छापून आला. नसांच्या दुखण्याला एक फॉर्म्युला, स्नायू-सांध्यांच्या दुखण्याला दुसरा, मिश्र दुखण्याला तिसरा, आणि प्रत्येकासमोर साधं क्रीम, ज्यात काहीच नाही. महिनाभराने बघितलं तर औषधवाल्यांना आणि साध्या क्रीमवाल्यांना साधारण सारखाच आराम. तिन्ही गटांत. म्हणजे आराम पडला, पण तो चोळण्याने, काळजीने, आशेने पडला म्हणा हवं तर, केटामिनने नाही.

त्या अभ्यासाला पैसे लष्कराने का दिले असतील? कारण सैनिकांच्या विम्यातून या क्रीमांवर अफाट पैसा चालला होता. काही फार्मसीवाले एकेका ट्यूबचे हजारो डॉलर लावत होते आणि डॉक्टरना कट देत होते. नंतर पायाच्या डॉक्टरांकडे तोच खेळ वेगळ्या रूपात आला, टबमध्ये गरम पाणी घ्या, त्यात या महागड्या ॲन्टिबायोटिक आणि ॲन्टिफंगल कॅप्सूल फोडून टाका आणि पाय बुडवून बसा. अमेरिकेच्या न्याय खात्याने असल्या पाय बुडवायच्या औषधांवरून पोडियाट्रिस्ट आणि फार्मसीवाल्यांवर खटले भरले. मला तर पहिल्यांदा ते वाचून हसूच आलं होतं, कारण अशा प्रिस्क्रिप्शन्समध्ये कधी कधी इट्राकोनाझोल हे बुरशीचं औषधही असतं आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, टबाच्या तळाशी जाऊन बसणार, पाय आपला वर. त्यापेक्षा चिमूटभर पोटॅशियम परमँगनेट बरं, फिकट गुलाबी पाणी होईल एवढंच, खडे पूर्ण विरघळलेले, ओल्या चिघळलेल्या बोटांच्या बेचक्यांना. नखं तपकिरी होतात पण खिसा शाबूत राहतो.

म्हणून माझा आपला एक साधा हिशोब आहे, डॉक्टरनी लिहून दिलेल्या कागदावर आधीच छापलेले फॉर्म्युले असतील आणि नुसती टिक मारलेली असेल, तर "हे माझ्यासाठीच का, तयार मिळणारं का नको" हे विचारायचं. ॲलर्जी आहे, हवी ती ताकद मिळत नाही, हवं ते औषधच बाजारातून गायब आहे, गोळी चालत नाही, असं एखादं सरळ कारण मिळालं तर बिनधास्त बनवून घ्या. "हे आमचं स्पेशल आहे" एवढंच उत्तर आलं तर नको. आणि घटक दोन-तीनच्या वर गेले की माझी भुवई वर जाते. हे लिहिल्याबद्दल आमच्या धंद्यातले काही लोक मला शिव्या घालतील, घालू देत. डायबेटिसच्या तळपायाच्या आगीसाठी ८ टक्के कॅप्सायसिनचा पॅच २०२० मध्ये रीतसर मंजूर झालाय, मिरचीतलाच तिखटपणा, दवाखान्यात लावतात, पहिला अर्धा तास माणूस शंख करतो पण त्याला निदान पुरावा आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांना वाटेल हे सगळं अमेरिकेचं रडगाणं. तिकडे उलटा प्रकार आहे, तिकडे बनवून दिलेल्या औषधावर लेबलच नसतं. पांढरी प्लास्टिकची डबी, आत पांढरं क्रीम, डॉक्टर नाहीतर कुणीतरी "आमचा खास मलम" म्हणून देतो, दोन दिवसांत खाज बंद. इतक्या पटकन खाज बंद झाली की मला तर आधी स्टेरॉइडचाच संशय येतो. स्टेरॉइडने लाली जाते, खाज जाते आणि खाली बुरशी आरामात पसरते, मग बंद केलं की दुप्पट. दुकानात मिळणाऱ्या स्टेरॉइड, ॲन्टिफंगल आणि ॲन्टिबायोटिक अशा तिन्ही एकत्र असलेल्या ट्यूबांनीही हेच केलं. २०१८ मध्ये सरकारने बरीच स्टेरॉइड क्रीमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, पण मेडिकलवाल्याला नुसतं "खाजेची ट्यूब द्या" म्हणून बघा काय मिळतं ते. याच गोंधळात ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची बुरशी फोफावली, टर्बिनाफिनला दाद न देणारी, नावातच इंडिया. २०२३ मध्ये ती न्यूयॉर्कमध्ये सापडल्याची बातमी आली तेव्हा आमच्या इथल्या डॉक्टरनी मला विचारलं होतं की तुमच्याकडून आली का हो ही. ती जास्त करून जांघेत, अंगावर दिसते, पण पायालाही होऊ शकते.

आणि तिकडे बनवून घेण्यासारखं खरं म्हणजे काय आहे तर साधं, स्वस्त, जुनं. व्हिटफिल्डचं मलम, ६ टक्के बेंझोइक ॲसिड आणि ३ टक्के सॅलिसिलिक, सरकारी दवाखान्यांतून कित्येक वर्षं डबे भरून दिलं गेलं, जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीतही ते बरीच वर्षं होतं. भातलावणीत दिवसभर चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात त्याला पाय धुऊन, कोरडे करून लावायला हे काय वाईट आहे? चिरा पडून रक्त येत असेल तर झोंबतं मात्र. टाचांच्या भेगांना कोकणात मुठेल लावतात, गोव्यात भिरंडेल, कोकमाच्या बियांचं तूप, अंगाच्या उबेने वितळतं आणि भेगेत जाऊन बसतं. त्याने बुरशी जाणार नाही पण भेग भरायला उत्तम, आणि माझी मलमाची बेस निवडायची सगळी अक्कल वापरून मी याहून फार वेगळं काही निवडलं नसतं. फक्त भेगेत बिब्बा घालू नका हो. आमच्या आजीच्या पिढीने घातला, काहींना चालला, आणि ज्यांना चालला नाही त्यांचे पाय मी बघितलेत, गुडघ्यापर्यंत फोड.

डायबेटिस असेल तर नियम वेगळे आणि ते मी प्रत्येकाला ओरडून सांगते. कुरपावर लावायची सॅलिसिलिकची पट्टी, कॉर्न कॅप, चामखिळीचं औषध, यातलं काहीही स्वतःच्या मनाने नाही. पायाला कळतच नसतं, ॲसिड कुरूप सोडून चांगल्या कातडीला खातं आणि तुम्हाला पत्ता नाही, कळतं तेव्हा जखम झालेली असते. शेकायच्या गरम पाण्याचंही तेच, कोपराने बघून मग पाय घाला. मंडळातले एक काका, निवृत्त इंजिनिअर, मला म्हणाले, "अगं, एवढ्याशा कुरपाला डॉक्टर कशाला, तू दे की बनवून." मी म्हटलं काका, पुलाला तडा गेला तर तुम्ही सिमेंटच्या दुकानदाराला विचारायचात का. गप्प बसले. नंतर गेले डॉक्टरकडे, त्यांनी कुरूप ब्लेडने सोलून काढलं आणि बुटात मऊ गादी घालून दिली, औषध काहीच नाही.

राहिलं ते डबीच्या तारखेचं. बनवलेल्या औषधावर एक्सपायरी नसते, बियॉन्ड यूज डेट असते, आणि ती फार जवळची असते. २०२३ च्या शेवटापासून अमेरिकेत लागू झालेल्या नियमांप्रमाणे, वेगळी चाचणी केलेली नसेल तर पाणी असलेलं क्रीम, टिकवायचं द्रव्य घातलेलं असेल तरी ३५ दिवस, ते नसेल तर फ्रीजमध्ये ठेवून १४ दिवस. व्हॅसलिनमधलं, बिनपाण्याचं मलम १८० दिवस. आणि लोक मला फोटो पाठवतात दोन वर्षांपूर्वीच्या डबीचा, बाथरूमच्या खिडकीत, झाकण अर्धवट, अहो हे अजून चालेल का. वर पाणी सुटलेलं, रंग चहासारखा, युरियाचं असेल तर उघडल्या उघडल्या मुतारीचा वास. नाही चालणार. सिंकमध्ये पण ओतू नका, जुनी औषधं परत घेणाऱ्या एखाद्या फार्मसीत नेऊन द्या.

आणि फोटो पाठवायचाच असेल तर दिवसा, उजेडात, नख कापून, आणि केओएचचा रिपोर्ट बरोबर जोडून पाठवा.